खरवडलेलं नाव

लेप्तिस, फेब्रुवारी. बदाम फुललेत.

इद्दिबलना, अरिशतकडून.

तुम्ही बरे असाल तर मीही बरी आहे, असं लिहायची पद्धत आहे. मी बरी नाही.

अक्षरं वेडीवाकडी दिसतील. माझीच आहेत. बाजारातल्या लिहिणाऱ्याकडे गेले नाही. त्याला सगळं तोंडाने सांगावं लागतं, आणि मला जे सांगायचंय ते तोंडाने सांगायची आता सोय राहिली नाही. लहानपणी काकाच्या तेलाच्या रांजणांवर खुणा करताना जेवढं शिकले तेवढ्यात भागवते.

रोममध्ये काय झालं ते तुम्हाला आमच्याआधी कळलं असेल, तुम्ही तिथेच आहात. इथे हिवाळ्यामुळे समुद्र जहाजांना बंद, त्यामुळे बातमी कार्थेजहून घोड्यावरून आली. आपल्या गावचे म्हातारे सम्राट गेल्यावर दोघे भाऊ मिळून राज्य करणार होते ना, त्यातल्या थोरल्याने धाकट्याला मारलं. आईच्या कुशीत शिरला होता, तिथेच मारला म्हणतात. आणि आईला रडायची बंदी आहे म्हणे. चौकात दवंडी पिटली ती मात्र अशी, की धाकटा कट करत होता, देवांनी थोरल्याला वाचवलं, आणि आजपासून धाकट्याचं नाव कुठेही राहता कामा नये. दगडावर नाही, भिंतीवर नाही, कुणाच्या तोंडात नाही.

मी पाण्याला गेले होते तेव्हा ऐकलं. घागर तिथेच टाकून घराकडे पळाले. कारण आपला मुलगा अंगणात बसून कोंबडीला स्वतःचं नाव सांगत होता.

तुम्ही गेलात तेव्हा त्याला नीट बोलता येत नव्हतं. आता येतं. नाव नुकतंच तोंडात बसलंय, त्यामुळे दिवसभर तेच. 'मला पाणी दे' असं म्हणत नाही. '...... ला पाणी', '...... पडला', '...... ची चप्पल'. मी जागा सोडलीय, तुम्ही भरून वाचा. तुम्हीच ठेवलेलं आहे.

धाकट्यालाही सम्राट केलं त्या वर्षी हा झाला. चौकात तेल आणि दारू वाटत होते. तुम्ही दारूचा वास घेऊन घरी आलात, पोराला जमिनीवरून उचललं आणि गल्लीला ऐकू जाईल असं त्या धाकट्याचंच नाव घेतलंत. आपल्याच गावच्या माणसाचा मुलगा आहे तो, म्हणालात. आपल्या गावचं खरं, पण आपण डोंगरावरून खाली आलेली माणसं, आपल्याला शहरात कुणी मोजत नाही, आपल्याला कशाला पाहिजे होतं एवढं मोठं नाव? हे मी तेव्हा बोलले नाही. सप्टेंबरमध्ये बोलले, तुमच्या आईसमोर बोलले, आणि तुम्ही ताटावरून उठून जहाज धरलंत. बोलले ते बोलले. ते मागे घ्यायला हे पत्र नाही.

एकच मागणं आहे. दुसरं नाव पाठवा. बापाने पोर उचलून ठेवलेलं नाव बापानेच बदलायचं असतं, असं सासूबाई उठता-बसता ऐकवतात. कुठलंही चालेल. गाढवाचं पाठवलंत तरी चालेल.

आणि तुम्ही जिवंत आहात का तेही कळवा. तिथे धाकट्याच्या माणसांना शोधून शोधून मारलं असं ऐकते. तुमची माझी भांडणं राहू द्या बाजूला, पण तुम्हाला दोन घोट पोटात गेले की मुलाचं नाव सांगायची सवय आहे.

लेप्तिस, मार्च. वारा वाळवंटाकडून आहे.

उत्तर नाही. समुद्र उघडलेला नाही हे मलाही माहीत आहे, पण लिहिलं की बरं वाटतं.

शेजारचा मुत्तुन सध्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत म्हाताऱ्या सम्राटांच्या कमानीवर असतो. ज्याने आयुष्यभर नावं कोरली त्याला आता नावं काढायचं काम दिलंय. दोघा भावांचे चेहरे शेजारी शेजारी आहेत तिथे धाकट्याचा चेहरा छिन्नीने उडवायचा आणि थोरल्याच्या कानालाही धक्का लावायचा नाही. मुत्तुन म्हणतो, "वहिनी, कोरण्यापेक्षा हे अवघड. कोरताना चुकलं तर शिव्या खाव्या लागायच्या. इथे चुकलं तर मलाच खरवडतील."

तो हसला, मी हसले नाही. मला दगड आठवला.

तुमच्या लक्षात आहे की नाही कोण जाणे. त्याला ताप आला होता तेव्हा तुम्ही तानित देवीच्या राईत नवसाचा दगड बसवलात. देवीचं चिन्ह, खाली तुमचं नाव, त्याखाली पोराचं. नाव अगदी ठळक. पैसे कमी पडले तेव्हा तुम्ही देवीचे हात आखूड करायला सांगितलेत, पण नाव कमी केलं नाहीत. आणि आता सरकारची माणसं प्रत्येक राईत, प्रत्येक देवळात जाऊन दगड बघताहेत.

मी मुत्तुनला विचारलं. तो उजेड मंदावल्यावर येतो म्हणाला. सासूबाईंना कळलं आणि त्या उंबऱ्यात आडव्या बसल्या. देवीच्या दगडावरून पोराचं नाव काढलं तर देवी काय समजेल, असं त्यांचं म्हणणं. समजेल की आईनेच पोर परत दिलं. तापाची ती रात्र त्यांनी काढली होती, मी नुसती रडत होते, हेही ऐकवलं. खरं आहे ते.

मी म्हटलं, "सासूबाई, देवीला मागून समजावता येईल. शिपायाला नाही येणार."

त्या बाजूला झाल्या नाहीत, पण पाय आखडून घेतले. मी ओलांडून गेले.

मुत्तुनने चांगलं काम केलं. तुमच्या नावाला ओरखडा नाही. आता दगडावर 'इद्दिबलचा मुलगा' एवढंच आहे आणि पुढे हात फिरवला तर गुळगुळीत खड्डा लागतो. मी तिथे तेल वाहिलं आणि देवीला म्हटलं, तुला माहीत आहे तो कोण आहे. पण खरं सांगू, येताना सगळी वाट मी पोराला छातीशी इतकं घट्ट धरलं होतं की तो ओरडायला लागला.

दगड गप्प करता येतो. याचं तोंड कसं करायचं? खेळ केला. नाव तोंडात आलं की हात तोंडावर ठेवायचा, मग सुकं अंजीर मिळणार. दोन दिवसांत अंजिरं संपली आणि हा अंजिरासाठी मुद्दाम नाव घ्यायला लागला. इतका तुमच्यावर गेलाय.

मग परवा भट्टीवर गेले होते. भाकऱ्या व्हायची वाट बघत बायका बसल्या होत्या, तिथे एक शिपाई आला. दाढी पिकलेला, वाईट नव्हता दिसत. पोराजवळ उकिडवा बसला आणि विचारलं, "काय रे, नाव काय तुझं?" पोराचा चेहरा उजळला. त्याला हा प्रश्न फार आवडतो. छाती भरून श्वास घेतला त्याने.

मी चापट मारली. तोंडावरच. माझ्या हाताचं पीठ त्याच्या गालावर उमटलं.

शिपाई उठला, म्हणाला, "अगं, असं मारतात का? मी काय खाणार होतो त्याला?" मी म्हटलं, खोड आहे त्याला, कुणाशीही बोलतो. शिपाई म्हणाला, त्याचा धाकटा मुलगा एवढाच आहे, तिकडे डॅन्यूब नदीकडे, दोन वर्षं बघितलेला नाही. आणि पोराच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेला.

पोर रडलं नाही. नुसतं माझ्याकडे बघत राहिलं. तुम्ही लवकर नाव पाठवा.

लेप्तिस, मे. जव कापायला आलेत.

बोन्कारचं जहाज आलं. तुम्ही जिवंत आहात.

बोन्कार दारात आला तेव्हा सासूबाई आधी त्याचा चेहरा वाचत होत्या. तो हसतोय बघून त्यांनी तिथेच जमिनीला हात लावला. मी आत जाऊन पाणी आणलं. पाण्याला तोंड लावायच्या आधी त्याने तुमची खुशाली सांगितली. चांगला माणूस आहे.

मग त्याने तुमचा निरोप सांगितला. माझी दोन्ही पत्रं तुम्हाला एकदमच मिळाली. इद्दिबल एकदा ठेवलेलं नाव मागे घेत नाही, ते बाप म्हणून त्याने पोराला उचलून ठेवलेलं आहे. वारं बदलेल, राजे बदलतात. 'मी येईपर्यंत त्याला कुठल्याच नावाने हाक मारू नका.' असा निरोप.

सासूबाई म्हणाल्या, "माझा मुलगा आहे तो." अभिमानाने म्हणाल्या की दमून, ते कळलं नाही मला.

बोन्कारला मी जव आणि खारवलेला मासा वाढला. घरी स्वयंपाक होता तेवढा. दोन घास पोटात गेल्यावर तो सैल झाला. तिथे नदीच्या काठी तेलाच्या वखारी आहेत, तुम्ही तिथे रांजण वाहता, पाठ दुखते, खोकला गेलाय, सगळं सांगितलं. मी विचारलं, तिथे कुणी त्यांना मुलाबाळांचं विचारतं का? बोन्कारने भाकरी मोडायची थांबवली.

"वहिनी, तो सांगतो की त्याला एक मुलगी आहे."

सासूबाईंनी पुन्हा विचारलं. बोन्कारने पुन्हा सांगितलं. मुकादमाने विचारलं तेव्हा मुलगी म्हणाला, आणि आता सगळी वखार त्याच्या मुलीची चौकशी करते. एकाने तर तिच्यासाठी मण्यांची माळ दिलीय. ती माळ बोन्कारने कमरेच्या कापडातून काढून माझ्या हातात ठेवली. निळ्या काचेची आहे. सुंदर आहे.

मला आधी राग आला. मग हसू आलं. किती दिवसांनी हसले ते आठवत नाही. म्हणजे तिथे तुम्हीही तेच करताय जे मी इथे करते. तुमची भीती माझ्याएवढीच आहे, फक्त तुम्ही ती बोन्कारजवळ ठेवलीत आणि मला अभिमान पाठवलात. असू द्या. पण मग माझ्या पोराने काय करायचं? तिथे तो मुलगी आहे आणि इथे कोणीच नाही.

तुमच्या निरोपाप्रमाणे आम्ही त्याला हाक मारत नाही. सासूबाई 'ए' म्हणतात, मी टाळी वाजवते. टाळी वाजली की तो येतो. मुत्तुनची शेळीही येते.

घर आता शांत आहे. '...... पडला', '...... ची चप्पल', काही ऐकू येत नाही. आधी मला वाटलं, सुटले. शिकला एकदाचा. मग लक्षात आलं, तो नाव घेत नाही एवढंच नाही, तो काहीच म्हणत नाही. त्याचं सगळं बोलणं त्या नावानेच सुरू व्हायचं. ते काढून घेतलं तर पाणी कसं मागायचं ते त्याला माहीतच नाही. तहान लागली की रांजणाजवळ जाऊन उभा राहतो.

लेप्तिस, ऑगस्ट. खजूर पिवळे झालेत.

हे पत्र मोठं होईल. निवांत जागी बसून वाचा, आणि वाचून झाल्यावर आईला शिव्या देऊ नका. त्यांनी जे केलं ते मी सांगितलं म्हणून नाही केलं.

आता आपण रोमन झालो, हे तुम्हाला माहीत असेलच. सगळेच झाले. चौकात दवंडी अशी, की देवांनी सम्राटांना संकटातून वाचवलं म्हणून सम्राट देवांच्या पूजेला जास्तीत जास्त माणसं आणणार, सगळ्या मुलखातले सगळे लोक आजपासून रोमचे नागरिक, आणि सगळ्यांनी आपल्या नावाआधी सम्राटांचं नाव लावायचं, ऑरेलियस. मुत्तुन म्हणाला, वहिनी, आता मेल्यावरही कर भरायला मिळेल, आजवर नुसते जिवंतपणी भरत होतो. त्याला नुसतं हसायला पाहिजे.

मला हसू येईना. मला एवढंच कळलं की घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहून घेणार. लहान मुलांचंही. ज्याने धाकट्याला मारलं तोच आता माझ्या पोराला आपलं नाव देणार, आणि त्या नावापुढे दुसरं कोणतं ते मला तोंडाने सांगावं लागणार.

मी तुमच्या उत्तराची वाट बघितली. जितकी बघता येईल तितकी बघितली. मग आपल्या गल्लीची पाळी आली.

रांग बाजाराच्या खांबांपासून थेट कारंज्यापर्यंत होती. ऊन होतं. सासूबाई माझ्यामागे, मुत्तुन पुढे. पोर माझ्या कमरेवर, बोटं तोंडात. कारकून तरुण होता, केस नीट कापलेले, घामाने कपडा पाठीला चिकटलेला. बाप कोण, विचारलं. इद्दिबल, म्हटलं. लिहिलं, ऑरेलियस इद्दिबल. कुठे आहे? रोममध्ये, तेलाच्या वखारीत. मग त्याने पोराकडे बघितलं. दिवसभर नावं लिहून कंटाळला होता बिचारा, म्हणून गंमत म्हणून त्यालाच विचारलं, "आणि तुझं रे?"

पोराने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

एक नाही, दोन्ही. इतके घट्ट की बोटांखालचे गाल पांढरे झाले. आणि डोळे माझ्याकडे, मी आता मारते का ते बघायला.

कारकून म्हणाला, "मुका आहे का?"

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते सांगते. मी सहा महिने शिपायाला घाबरले, छिन्नीला घाबरले, दवंडीला घाबरले. आणि माझं पोर फक्त मला घाबरतं.

मी त्याला कमरेवरून खाली उतरवलं. जमिनीवर ठेवलं, त्या कारकुनाच्या पायांशी, धुळीत. रांगेतले लोक बघायला लागले. मग मी वाकले, दोन्ही काखांत हात घातले आणि त्याला उचललं. तुम्ही उचललं होतंत तसंच, डोक्याच्या वर. तेव्हा तो तान्हा होता, आता जड आहे. आणि मी नाव घेतलं.

हन्नो.

गल्लीला ऐकू जाईल असं घेतलं.

कारकुनाने लेखणी उचललीच नाही. म्हणाला, बाई, नाव बाप ठेवतो, असं कसं मध्येच? तेवढ्यात मागून तुमच्या आई पुढे आल्या. मला वाटलं, संपलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कारकुनाला म्हणाल्या, "याच्या बापालाही मीच जन्माला घातलंय. तो नाही तर मी आहे. ऐकलंस ना नाव? लिही."

"पण बापाने आधी काही ठेवलं असेल ना?"

"ठेवलं असतं तर तुला सांगितलं नसतं का? लिही म्हटलं."

मुत्तुन पुढून म्हणाला, साहेब, लिहून टाका, मागे अजून अख्खी गल्ली उभी आहे. लोक हसले. कारकूनही हसला. आणि लिहिलं, ऑरेलियस हन्नो, इद्दिबलचा मुलगा.

सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "खाली ठेव आता. पाठ जाईल तुझी."

मी खाली ठेवलं. पोराचे हात तोंडावरून कधी निघाले ते मी बघितलं नाही. त्याने माझा पदर ओढला, पुन्हा दोन्ही हात वर केले, आणि म्हणाला, "अजून."

मे महिन्यानंतर त्याच्या तोंडचा पहिला शब्द. मी पुन्हा उचललं, पुन्हा नाव घेतलं. मग घरी जाईपर्यंत वाटेत किती वेळा ते विचारू नका. सासूबाईंनीही एकदा उचललं, आणि मग दोन दिवस कंबर धरून बसल्या.

हन्नो का, असं विचाराल. माझ्या बापाचं नाही ते, माझ्या माहेरच्या कुणाचं नाही. तुमच्यावर सूड नाही घेतलेला. आपल्या डोंगरावर प्रत्येक वाडीत एक हन्नो असतो. मेंढ्या राखणारा, तेल गाळणारा, एखादा चोरही. कुणी कुणाला मारून टाकावं इतकं मोठं नाव नाहीये ते. कुठल्या कमानीवर कोरणार नाहीत, म्हणून कुणी खरवडणारही नाही. थोरला राहो की जावो, त्याच्यानंतर कुणीही येवो.

मुत्तुन दगडाच्या खड्ड्यात कोरून देतो म्हणाला. मी नको म्हटलं. देवीने आजवर त्याला नावाशिवाय सांभाळलं, पुढेही सांभाळेल.

मण्यांची माळ त्याने गळ्यात घातलीय, काढू देत नाही. वखारीतल्या माणसाला सांगा, मुलीला आवडली.

समुद्र बंद व्हायच्या आत बोन्कार तिथून परत फिरणार आहे. त्याच्याबरोबर या. माझा राग कमी झाला नाही, तुमचाही झाला नसेल, ते आपण घरात बसून भांडू. पण दाराशी आलात की त्याला हन्नो म्हणून हाक मारा. दुसऱ्या कुठल्या नावाने मारलीत तर तो जागचा हलणार नाही. आणि मी त्याला टाळी वाजवून बोलावणार नाही.

अरिशत